आवाज बंद, चित्र चालू : विज्ञानाच्या व्हिडिओंवरच्या वर्गप्रकल्पाच्या नोंदी

१२ जून

यंदा आठवी-नववीच्या मुलांबरोबर ऑनलाइन व्हिडिओंवर काम करायचं ठरवलंय. व्हिडिओ दाखवणं तसं सगळेच करतात. धडा संपला की प्रोजेक्टर लावायचा, मुलं खूश होतात, तास सरतो. मला हवंय ते जरा वेगळं आहे. मुलांनी पडद्यावर घडतंय ते निरीक्षण म्हणून वहीत उतरवावं, त्यातून काही मोजून काढावं आणि व्हिडिओतला माणूस जे सांगतोय ते चित्राशी ताडून बघावं.

याला एका अभ्यासाचा आधार आहे. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांच्या गटाने वर्गातल्या प्रात्यक्षिकांचा खरोखर किती उपयोग होतो हे तपासलं आणि २००४ साली ते प्रसिद्ध केलं. काही विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिक नुसतं पाहिलं, काहींनी आधी अंदाज नोंदवला, काहींनी अंदाज नोंदवून वर आपसात चर्चाही केली, आणि काहींना ते दाखवलंच नाही. नुसतं पाहणाऱ्यांची समज न पाहणाऱ्यांपेक्षा बरी नव्हती. अंदाज नोंदवणाऱ्यांची होती. तो अभ्यास समोर घडणाऱ्या प्रयोगांचा आहे, व्हिडिओंचा नाही. पण डोळ्यांसमोर घडलेलं नुसतं बघून समज वाढत नसेल, तर पडद्यावरचं बघून ती आपोआप वाढेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

म्हणून आमची पद्धत अशी: पहिल्या वेळी आवाज बंद. काही घडायच्या ऐन आधी व्हिडिओ थांबवायचा. पुढे काय होईल आणि का, हे प्रत्येकाने पेनाने वहीत लिहायचं. मग पुढे चालवायचा. निवेदन सगळ्यात शेवटी ऐकायचं.

१८ जून

व्हिडिओ निवडायला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागतोय. विषय चांगला असतो, पण नेमकं घडतं त्या क्षणी कट मारलेला असतो. गोळा सोडला, लगेच दुसरा कॅमेरा, लगेच करणाऱ्याचा आश्चर्यचकित चेहरा, आणि गोळा पडलेला. असा व्हिडिओ माझ्या कामाचा नाही, कारण मधलं जे बघायचं तेच गायब आहे. मला सलग एकाच शॉटमध्ये घडणारं हवं, कॅमेरा हलता कामा नये, आणि चौकटीत काहीतरी मापाचं असावं, मग ती मोजपट्टी असो, फरशी असो की माणूस.

लांबीबद्दल एक आकडा सगळीकडे ऐकू येतो: सहा मिनिटं. तो फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासातून आलेला. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहण्याची ६९ लाख सत्रं त्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे तरी प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. आकडा खरा आहे, पण तो बघत राहण्याचा आहे, समजण्याचा नाही. माझ्या वर्गात चाळीस सेकंदांचा तुकडा पाऊण तास पुरतो, कारण आम्ही तो सारखा थांबवतो.

व्हिडिओ थांबवून ठेवला की यूट्यूबवर स्वल्पविरामाच्या कळीने एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, मागे आणि पूर्णविरामाच्या कळीने एक फ्रेम पुढे जाता येतं. दोन कळांची एवढीशी सोय, पण हा सगळा प्रकल्प तिच्यावर उभा आहे.

२५ जून

मेणबत्तीचा व्हिडिओ घेतला. बशीत रंगीत पाणी, मधोमध पेटलेली मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा घालायचा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. निवेदक सांगतो की ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा रिकामी झाली आणि ती पाण्याने भरून काढली. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे हे पटकन पटतं.

आवाज बंद ठेवला. अंदाज लिहून घेतले, तर जवळपास सगळ्या वर्गाने ऑक्सिजनच लिहिला. निवेदकाचा शब्दही न ऐकता. म्हणजे समजूत आधीच घरून आलेली होती.

मग एकेक फ्रेम पुढे सरकवायला लागलो. मुलांना सांगितलं की फक्त दोन गोष्टींवर डोळा ठेवा, ज्योत आणि पाण्याची रेघ. ग्लास खाली टेकतो. ज्योत अजून चांगली मोठी आहे, आणि पाण्याची रेघ जागची हललेली नाही. उलट ग्लासाच्या कडेखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत आखूड होते, निळसर होते, वातीवर एक ठिपका उरतो. पाणी जेमतेम चढलेलं. ज्योत जाते, वातीतून धुराची दोरी निघते. आणि आता पाणी भराभर वर येतं.

दुसऱ्या बाकावरची मुलगी जागेवरून उठूनच बोलली, "बाई, ज्योत विझल्यावर पाणी चढतंय! ऑक्सिजनमुळे असतं तर ज्योत जळत असताना चढायला पाहिजे होतं."

तिचं वाक्य मी तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. नंतरची चर्चा मुलांनीच चालवली. बुडबुडे कशाचे? आतली हवा तापून फुगली आणि काही बाहेर गेली. ज्योत गेल्यावर काय झालं? उरलेली हवा निवली, आकसली, आतला दाब कमी झाला, आणि बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. आता निवेदन ऐकवलं. चित्र एक सांगतंय आणि आवाज दुसरंच, हे मुलांनी स्वतः पकडलं. वर्ग अक्षरशः खवळला होता. अशा तासासाठीच मी हा प्रकल्प काढला.

२ जुलै

ऑक्सिजनचं म्हणणं अगदीच निकालात निघत नाही, आणि तेही नीट सांगायला हवं होतं. नववीच्या मुलांबरोबर हिशोब मांडला. मेणासाठी C₂₅H₅₂ हे नमुन्याचं सूत्र धरलं. त्याचा एक रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात, आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ व पाण्याचे २६ तयार होतात. निवल्यावर पाण्याची वाफ बरीचशी काचेवर द्रव होऊन बसते. म्हणजे वायूच्या ३८ भागांच्या जागी २५ भाग उरले. शिवाय बंद ग्लासात मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी विझते. त्यामुळे ऑक्सिजनचा वाटा आहे, पण छोटा. मोठा वाटा तापण्या-निवण्याचा.

हे कागदावर ठेवायचं नव्हतं, म्हणून वर्गात प्रयोग केला. एकाच ग्लासाखाली आधी एक मेणबत्ती, मग तीन. ग्लास तोच, त्यामुळे आतला ऑक्सिजनही तेवढाच. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्टच जास्त चढलं. मग मेणबत्तीच काढून टाकली, ग्लास कडक गरम पाण्याने विसळला आणि बशीत उपडा घातला. पाणी चढलं, आणि इथे तर काही जळतच नव्हतं.

मुलांनी दोन्ही प्रयोग मोबाइलवर टिपले. व्हिडिओ पाहून प्रश्न, प्रश्नातून प्रयोग, प्रयोगाचा पुन्हा व्हिडिओ, हे चक्र आता मला नेमानं चालवायचंय.

९ जुलै

डेरेक म्युलर यांच्या संशोधनाबद्दल वाचत होते. 'व्हेरिटासियम' ही यूट्यूबवरची विज्ञानाची वाहिनी त्यांचीच. ती २०११ मध्ये सुरू झाली, पण त्याआधी २००८ साली त्यांनी सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली होती, विषय भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत हाच. त्यांच्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ दाखवला, तर काहींना असा व्हिडिओ, ज्यात नेहमीच्या चुकीच्या समजुती आधी उघड बोलून दाखवल्या आणि मग त्यांची उलटतपासणी केली. पहिल्या गटाला आपल्याला विषय छान कळला असं वाटलं, पण गुण फारसे वाढले नाहीत. दुसऱ्या गटाला डोक्याला जास्त ताण पडला, गोंधळल्यासारखंही वाटलं, आणि शिकणं मात्र त्यांचंच जास्त झालं.

यामुळे माझं एक मत पक्कं झालं. "बाई, मस्त समजलं" हे तास चांगला झाल्याचं लक्षण मी आता धरणार नाही. स्वच्छ समजावणीत मुलाला आपली जुनी समजूतच ऐकू येते आणि ते मान डोलावतं. समजूत फळ्यावर, नाव न घालता, सगळ्यांदेखत लिहिली गेली की मग तिला हात घालता येतो. यापुढे प्रत्येक व्हिडिओच्या आधी मुलांचेच अंदाज फळ्याच्या डाव्या बाजूला लिहायचे आणि तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत.

१६ जुलै

चंद्रावरचा हातोडा आणि पीस. २ ऑगस्ट १९७१, अपोलो १५. अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं सुमारे ३० ग्रॅमचं पीस धरलं आणि दोन्ही एकदम सोडली. चित्र धुरकट आहे, पण सलग आहे, आणि कॅमेरा स्थिर आहे. मला हवं तसं.

दोन्ही बरोबर पडतात हे बहुतेकांना माहीत होतं. म्हणून प्रश्न बदलला: किती वेळात पडतात, आणि त्यावरून चंद्राचं गुरुत्व काढता येईल का? आमच्याकडच्या फाइलमध्ये सेकंदाला ३० फ्रेम. उंची सुमारे १.६ मीटर धरली, नासाने दिलेला अंदाज तोच आहे. हातातून सुटल्याची नेमकी फ्रेम कोणती यावर गटागटांत वाद झाले, कारण हातोडा आणि हातमोजा काही फ्रेमपर्यंत एकमेकांत मिसळलेले दिसतात. उत्तरं ३८ ते ४२ फ्रेमच्या दरम्यान आली. ४२ धरल्या तर वेळ १.४ सेकंद आणि त्वरण १.६३ मी/से². ३८ धरल्या तर १.९९. पुस्तकातला आकडा १.६२.

इथे मी मुद्दाम थांबले. बरोबर उत्तर आलेला गट आनंदात होता आणि दुसरा खट्टू. दोघांनाही विचारलं की दोन फ्रेमची चूक उत्तरात किती फरक पाडते. काळाचा वर्ग होतो, म्हणून ४० मध्ये २ म्हणजे पाच टक्क्यांची चूक उत्तरात दहा टक्के होऊन बसते. उंचीत दहा सेंटिमीटर इकडे तिकडे झाले तर आणखी सहा टक्के. म्हणजे १.६३ आणि १.९९ ही दोन्ही उत्तरं याच मापनातून निघू शकतात, आणि पृथ्वीचं ९.८ मात्र कुठल्याही खेचाखेचीने निघत नाही. या मापनाचं खरं फलित हे.

एकाने गंभीरपणे विचारलं, "पृथ्वीवरच शूट करून स्लो केलं असेल तर?" प्रश्न उडवून लावण्यासारखा मुळीच नव्हता. हिशोब केला: पृथ्वीवरचं पडणं चंद्रासारखं दिसायला ते सुमारे २.४६ पट संथ करावं लागेल. हातोडा जमेल. पीस जमणार नाही, कारण हवेत ते मुळातच मागे राहणार, आणि व्हिडिओ कितीही संथ केला तरी मागे राहिलेलं पीस हातोड्याला गाठणार नाही. शंका विचारणाऱ्यानेच हे शेवटचं पाऊल टाकलं. मग दुसऱ्या एका तुकड्यात चंद्रगाडीच्या चाकांनी उडवलेली धूळ बघितली. ती हवेत ढगासारखी न तरंगता कमान करून सरळ खाली येते.

३० जुलै

आता मुलांचे स्वतःचे व्हिडिओ. भिंतीला उभी मोजपट्टी चिकटवली, चेंडू एक मीटरवरून सोडला. मोजायला ट्रॅकर हे डग्लस ब्राउन यांनी बनवलेलं मोफत सॉफ्टवेअर. प्रत्येक फ्रेममध्ये चेंडूवर क्लिक करत जायचं, तक्ता आणि आलेख ते काढून देतं. पण पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडूच दिलं नाही. पडद्यावर पारदर्शक कागद लावून मार्करने ठिपके मारायला लावले. हात चालल्याशिवाय आलेखाच्या रेघेमागे काय आहे ते कळत नाही, असं मला ठाम वाटतं.

काही गोष्टी पुढच्या बॅचसाठी टिपून ठेवते. एक मीटर पडायला ०.४५ सेकंद लागतो. साध्या ३० फ्रेमच्या चित्रणात जेमतेम १३ फ्रेम मिळतात, २४० च्या स्लो मोशनमध्ये १०८. खाली पोचताना चेंडूचा वेग ४.४ मी/से असतो, आणि कॅमेऱ्यात प्रकाश आत सोडणारं शटर एक-तीसांश सेकंद उघडं राहिलं तर चेंडूची १५ सेंटिमीटर लांब पुसट पट्टी उमटते. एक-हजारांश सेकंदाला ती साडेचार मिलिमीटरच्या आत येते. फोन शटर आपोआप ठरवतो आणि उजेड कमी असला की ते जास्त वेळ उघडं ठेवतो. म्हणून उन्हात चित्रण करा, महागडा फोन लागत नाही. चेंडू आणि मोजपट्टी कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात, नाहीतर जवळचा चेंडू मोठा आणि वेगवान दिसतो. शिवाय पुष्कळ फोन फ्रेमचा वेग मधेच बदलतात, त्यामुळे चौकटीच्या कोपऱ्यात चालू स्टॉपवॉच ठेवलेलं बरं.

कागदावरच्या ठिपक्यांतून मात्र जे निघालं त्याने मी फार सुखावले. ३० फ्रेमच्या चित्रणात लागोपाठच्या ठिपक्यांमधलं अंतर दर वेळी मागच्यापेक्षा साधारण १.१ सेंटिमीटरने वाढत होतं. एका गटाने अंतरांना पहिल्या अंतराने भागलं आणि जवळपास १, ३, ५, ७ आले. विषम संख्यांचा हा क्रम गॅलिलिओने उतारावर गोळे सोडून शोधला होता. मुलांना ते आधी सांगितलं नव्हतं. आकडे समोर आल्यावर सांगितलं.

१३ ऑगस्ट

कॅमेरा काय करतो हे न शिकवता पुढे जाता येणार नाही, म्हणून हा तास. एक लोकप्रिय व्हिडिओ आहे: स्पीकरला चिकटवलेल्या नळीतून पाणी पडतंय, स्पीकरवर २४ हर्ट्झचा सूर, आणि पाण्याची नागमोडी धार हवेत गोठून उभी. सूर २३ केला की पाणी वर चढतंय असं दिसतं. पुष्कळ ठिकाणी हा ध्वनीचा पाण्यावरचा परिणाम म्हणून फिरतो.

मुलांना एकच प्रश्न दिला: तिथे उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत असेल? उत्तराला वेळ लागला. पाणी साधंच पडतंय, फक्त नळीबरोबर सेकंदाला २४ वेळा हेलकावतंय. कॅमेराही सेकंदाला २४ फ्रेम टिपतो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला धार त्याच आकारात सापडते. सूर २३ असेल तर प्रत्येक फ्रेमला हेलकावा पुरा व्हायला थोडा बाकी असतो, आणि ते थोडं थोडं साठत धार मागे सरकल्यासारखी दिसते. नंतर मुलांनी पंख्याची गती बदलत बदलत मोबाइलवर पाती उलटी फिरवून दाखवली.

विमानाच्या पंख्याची पाती केळीसारखी वाकलेली दिसतात ते वेगळं. तिथे सेन्सर सगळं चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं. यावर फार वेळ घालवला नाही.

२७ ऑगस्ट

मण्यांची साखळी. भांड्यात भरलेली लांब साखळी एका टोकाने बाहेर ओढून सोडली की ती भांड्याच्या काठावरून नुसती ओघळत नाही, काठाच्या वर उसळून हवेत कमान करते. विज्ञानाचे व्हिडिओ करणारे स्टीव्ह मोल्ड यांनी २०१३ मध्ये याचा व्हिडिओ लोकांपुढे आणला. तो बघून केंब्रिजचे जॉन बिगिन्स आणि मार्क वॉर्नर यांनी गणित मांडलं आणि २०१४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शोधनिबंध छापला. त्यांचं म्हणणं असं की साखळीचा छोटा ताठ तुकडा एका टोकाने वर उचलला गेला की दुसरं टोक खालच्या ढिगावर दाबलं जातं, आणि ढीग त्याला उलट वर ढकलतो. त्यावर पुढेही वाद झाले.

मुलांना हे आवर्जून सांगितलं की विज्ञानात सगळं आधीच ठरलेलं नसतं. सगळ्यांच्या मोबाइलवर आलेल्या एका व्हिडिओतून खराखुरा संशोधनाचा प्रश्न निघाला. मागच्या बाकावरून लगेच विचारणा झाली, "मऊ दोरा घेतला तर उसळेल का?" प्रश्न नेमका आहे, कारण दोऱ्यात ताठ तुकडा नाही. यादीत टाकला.

१० सप्टेंबर

व्हिडिओला जमत नाही तेही नोंदवायला हवं. गरम ग्लास हाताला किती गरम लागतो, आम्लाचा वास, स्प्रिंग ओढताना वाढत जाणारा जोर, हे पडद्यावरून येत नाही. आणि व्हिडिओत प्रयोग पहिल्याच झटक्यात जमतो, कारण न जमलेले कापून टाकलेले असतात. म्हणून मुलांच्या व्हिडिओंतले फसलेले प्रयत्नही आम्ही ठेवतो आणि बघतो.

दुसरं गंभीर आहे. काही व्हिडिओ करून बघण्याचे नसतातच. मायक्रोवेव्हमधल्या ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी काढण्याचे व्हिडिओ बघून तसं करायला गेलेली माणसं दगावली आहेत. वर्गात स्पष्ट नियम केला: घरच्या विजेच्या जोडणीला, दाबाखालच्या बाटलीला आणि अनोळखी रसायनांच्या मिश्रणाला हात लावण्याआधी मला विचारायचं.

२४ सप्टेंबर

परीक्षा म्हणून प्रश्नपत्रिका दिली नाही. मेणबत्तीचा तोच मूक व्हिडिओ दिला आणि प्रत्येकाने त्यावर दीड मिनिटाचं आपलं निवेदन लिहून आणायचं. अट एवढीच की प्रत्येक विधान त्या क्षणी पडद्यावर दिसणाऱ्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवून करायचं.

बहुतेकांची निवेदनं उत्तम होती. एका मुलीने बुडबुड्यांपाशी व्हिडिओ थांबवून लिहिलंय: "हे बुडबुडे मोजले तर नंतर पाणी किती चढेल ते आधीच सांगता येईल का?" हे मला सुचलं नव्हतं, आणि करून बघण्यासारखं आहे.

काही जणांनी मात्र पुन्हा ऑक्सिजनच लिहिला. बुडबुडे त्यांना दिसले होते, विझल्यावर चढणारं पाणीही दिसलं होतं, तरीही. एवढी मुरलेली समजूत एका व्हिडिओने जात नाही. त्यांना दटावण्यापेक्षा असा प्रयोग द्यावा जिथे त्यांचंच म्हणणं खरं ठरतं, आणि मग दोन्हींची तुलना त्यांनीच करावी. ओलसर लोखंडी लोकर, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा गुंता, परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवायची आणि नळी पाण्यात उपडी उभी करायची. गंजताना लोखंड ऑक्सिजन ओढून घेतं, इथे ज्योत नाही आणि तापलेली हवाही नाही. पाणी चढतं, पण तासन् तास घेऊन, आणि साधारण एक-पंचमांश उंचीवर थांबतं.

एवढ्या हळू घडणाऱ्या गोष्टीला टाइमलॅप्सच हवा. ऑक्सिजनवाल्या गटानेच हिशोब केला: दर पाच मिनिटांना एक फोटो, चोवीस तासांत २८८, सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर बारा सेकंदांचा व्हिडिओ. लोकर न गंजणाऱ्या पोलादाची नको. आधी व्हिनेगरमध्ये बुडवून झटकून घ्यायची, म्हणजे तिच्यावरचा तेलकट थर जातो. नळी २० सेंटिमीटरची, म्हणून पाणी ४ सेंटिमीटरच्या आसपास थांबावं. सगळ्यांचे अंदाज वहीत लिहून झाले आहेत. नळीला मोजपट्टी चिकटवली आहे आणि शेजारी तापमापी ठेवली आहे, कारण रात्री खोली गार झाली तरी पाण्याची रेघ थोडी वर सरकणार, आणि तो वाटा वजा करावा लागेल. फोन चार्जरला लावून उद्या पहिल्या तासाला सुरू करायचा.